मुराळ्याची वाट

भोंडल्याच्या एका गाण्यात सून माहेरी जायची परवानगी मागते आणि सासू अट घालते. आधी कारल्याचं बी पेर, मग जा. बी पेरलं की कोंब यायला हवा, कोंब आला की वेल चढायला हवा, मग फूल, मग कारलं, मग त्याची भाजी. कडव्यामागून कडवं सरतं, वेल वाढत राहतो आणि सून घरातच राहते. गाणं गमतीचं आहे. पाटावरच्या हत्तीभोवती फेर धरून मुली ते हसतहसत म्हणतात. पण त्यातला हिशेब पक्का आहे. कारल्याला पेरणीपासून पहिलं फळ तोडणीला यायला साधारण दोन महिने लागतात. भोंडला असतो आश्विनात, हस्ताच्या पावसात. त्या दिवसांत पेरलेल्या वेलाला कारलं धरेपर्यंत दिवाळी उलटून गेलेली असते आणि भाऊबीजही. सासूने तोंडाने नकार दिलेला नाही, तिने परवानगी वेलावर सोपवली आहे. शेतात वाढलेल्या मुलींना हे गणित कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

मराठी लोकगीतांत माहेरच्या ओढीची गाणी इतकी आहेत की ती बाजूला काढली तर स्त्रीगीतांचं दालन अर्धंमुर्धं रिकामं होईल. त्यांच्यात निसर्गही पानोपानी भेटतो आणि म्हणून ही गाणी ‘हळवी, निसर्गरम्य’ असा शिक्का मारून बाजूला ठेवली जातात. तो शिक्का त्यांच्यावर अन्याय करणारा आहे. या गाण्यांतली झाडं, नद्या आणि नक्षत्रं कामाला जुंपलेली आहेत. ती जाण्याची तारीख ठरवतात, वाट अडवतात, निरोप पोचवतात, आणि कुणीच नसलं तर जवळच्या माणसाची जागा घेतात. ज्या बाईला ‘मला घरी जायचंय’ असं उघड म्हणायची सोय नव्हती, तिने आपली मागणी पाऊसपाण्याच्या बोलीत मांडली. तिची आठवण खरी होतीच, त्या आठवणीला मागणीची धारही होती.

ही गाणी किती जुनी आहेत याचा एक लखलखीत पुरावा आहे. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात संगीताची चर्चा करताना तो नोंदवतो की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी 1290 सालची, म्हणजे ही नोंद तिच्याही दीडशेहून अधिक वर्षं आधीची. ओवी ग्रंथात आली त्याच्या कितीतरी आधी ती उखळापाशी आणि जात्यापाशी नांदत होती.

जात्यापाशी ती कशी जन्मायची, हे समजून घेतल्याशिवाय तिचा घाट कळत नाही. पहाटेची वेळ. घर झोपलेलं. एका हाताने खुंटा ओढायचा आणि दुसऱ्या हाताने मूठमूठ दाणे जात्याच्या तोंडात वैरायचे. दोघी असल्या तर समोरासमोर बसून एकाच खुंट्याला हात लावायचा. एक ओवी उचलते, दुसरी ती पुरी करते. दळणाच्या लयीतच ओवी बसवायची असल्याने ती बहुतेक दोनच ओळींची. पुष्कळ ओव्यांत पहिल्या ओळीत डोळ्यांना दिसणारं काहीतरी येतं: भरून आलेलं आभाळ, दारातली जाई, डोंगरावरून उतरणारी वाट. दुसऱ्या ओळीत मनातलं माणूस येतं: आई, बाप, बहुतेक वेळा भाऊ. पहिल्या ओळीतला पाऊस दुसऱ्या ओळीतल्या भावाकडे नेण्यासाठीच आलेला असतो. ती उडी घ्यायला कुठलाही ‘जसा-तसा’ लागत नाही, जात्याचा एक फेर पुरतो. जात्याची घरघर हासुद्धा एक आडोसाच होता. दिवसा जे बोललं असतं तर घरात वादळ उठलं असतं, ते पहाटे जात्याला सांगता यायचं.

हे धन कागदावर आलं ते मुख्यतः विसाव्या शतकात. साने गुरुजींनी ‘स्त्रीजीवन’मध्ये ओव्या गोळा केल्या आणि त्यांच्याभोवती स्वतःच्या प्रेमळ भाषेत विवरण गुंफलं. कोकणातल्या पालगडात जन्मलेल्या आणि खानदेशात अमळनेरला शिकवलेल्या या माणसाचे दोन्ही प्रदेशांशी धागे होते. दुर्गा भागवतांनी ‘लोकसाहित्याची रूपरेखा’ लिहून या अभ्यासाला शास्त्राचा पाया दिला. सांगली जिल्ह्यातल्या बागणीच्या सरोजिनी बाबर यांनी महाराष्ट्र राज्य लोकसाहित्य समितीतर्फे ग्रंथांची एक मोठी मालाच उभी केली. ‘भोंडला-भुलाबाई’, ‘श्रावण-भाद्रपद’, ‘दसरा-दिवाळी’ ही त्यातल्या काही खंडांची नावंच सांगतात की ही गाणी महिन्यांना बांधलेली आहेत. पुढे पुण्याच्या सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेसमधून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉइतवाँ यांनी मुळशी-मावळच्या डोंगरी गावांतून सुरुवात करून महाराष्ट्रभरच्या हजाराहून अधिक गावांतल्या एक लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. त्यांतल्या कित्येक 1990च्या दशकात बर्नार्ड बेल यांच्या साहाय्याने ध्वनिमुद्रित झाल्या. हा संग्रह आता ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या डिजिटल संग्रहालयात ऐकायला मिळतो, गाणाऱ्या बाईच्या नावागावासकट. लोकगीताला कर्ता नसतो असं सर्रास म्हटलं जातं. गाणारी मात्र नक्की असते, आणि तिचं नाव टिपलं गेलं ही फार मोलाची गोष्ट झाली.

या ओढीचं मूळ वयात आहे. 1929 साली मंजूर होऊन 1 एप्रिल 1930 पासून लागू झालेल्या शारदा कायद्याने मुलीच्या लग्नाचं किमान वय ठरवलं ते 14. त्याआधीची स्थिती यावरून ताडता येते. बहिणाबाई चौधरींचं लग्न तेराव्या वर्षी झालं. त्या असोद्याच्या आणि सासर जळगावचं. दोन गावांमधलं अंतर काही किलोमीटरांचं, आज दुचाकीवर किरकोळ वाटावं असं. पण त्यांच्या गाण्यांत ही वाट उन्हाने तापलेली आहे, पायांना भाजणारी आहे, आणि तरीही हवीहवीशी आहे. त्यांची गाणी 1952 साली, त्यांच्या मृत्यूच्या पुढच्याच वर्षी, आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह पुस्तकरूपाने आली आणि मराठी वाचकाला कळलं की अक्षरओळख नसलेल्या एका बाईने घरात आणि शेतात राबताना केवढं रचून ठेवलं होतं.

उत्तर भारतात मुलगी गावाबाहेर, दूर देण्याची रीत आहे. महाराष्ट्रात तसं सरसकट नाही. इरावती कर्व्यांनी 1953 सालच्या आपल्या भारतीय नातेव्यवस्थेवरच्या ग्रंथात दाखवून दिलं की महाराष्ट्र हा उत्तरेच्या आणि दक्षिणेच्या रीतींमधला पट्टा आहे आणि इथल्या अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न चालतं, किंबहुना पसंत केलं जातं. म्हणजे मुलीची सासू बरेचदा तिची सख्खी आत्याच. सासर ओळखीचं, गाव जवळचं, सासूच्या तोंडी आपल्याच घराण्याच्या आठवणी. तरीही गाण्यांतली तळमळ कमी होत नाही. यावरून एक गोष्ट उघड होते. ही तळमळ कोसांनी मोजायची नाही. माहेर डोळ्यांना दिसणाऱ्या डोंगरापलीकडे असलं तरी तिथे जायचं कधी, हे ठरवणारी ती स्वतः नव्हती. न्यायला कुणीतरी यावं लागे. त्यालाच मुराळी म्हणतात. बहुतेकदा तो भाऊ असे, आणि ओव्यांमधला सगळ्यांत लाडका माणूस हा भाऊच का, याचं उत्तर इथे आहे. सुटकेचा परवाना त्याच्या बैलगाडीतून येत होता.

मग हा मुराळी यायचा कधी? इथे निसर्ग पंचांगाचं रूप घेतो. माहेरपणाचे सण शेतीच्या कॅलेंडरवर ठेवून पाहिले की कोडं उलगडतं. खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा लेकीबाळींचा मोठा सण. वैशाखातलं ऊन रणरणतं असतं, पण रब्बीचं पीक घरात आलेलं असतं आणि मृगाला अजून अवकाश असतो. शेत मोकळं असतं. सालदाराचं सालही याच दिवशी संपतं आणि नवं सुरू होतं. घरातल्या कामाच्या हातांना वर्षातली खरी उसंत तेव्हाच मिळते. म्हणून झाडाला झोके बांधले जातात, गौराई बसते, आणि सासुरवाशिणी माहेरी येऊन झोक्यावर गाणी म्हणतात. पुढे आषाढात पेरणी-लावणीची धांदल. श्रावणात ती ओसरली की नागपंचमी. भाद्रपदात गौरी. खरीप घरात येऊ लागला की दिवाळी आणि भाऊबीज. माहेरी जाण्याचे दिवस म्हणजे शेताने दिलेल्या सुट्ट्या. त्यामुळे गाण्यातली बाई ढग मोजते तेव्हा ती आपल्या रजेचे दिवस मोजत असते. खुरपणी उरकली का, बैल रिकामे झाले का, वाटेवरचा चिखल वाळला का, हे प्रश्न तिच्यासाठी विरहाचे प्रश्न आहेत.

या सगळ्यांत पंचमीची जागा निराळी. त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, चिरायचं-कापायचं नाही, चुलीवर तवा चढवायचा नाही. पुरणाची दिंडं उकडायची. नागाला इजा होऊ नये हे कारण सांगितलं जातं, आणि ते श्रद्धेने पाळलं जातं. पण या नेमांचं फळ कुणाच्या पदरात पडतं ते पाहण्यासारखं आहे. विळी, तवा आणि कुदळ एका दिवसासाठी बाजूला ठेवली की बाईचे हात मोकळे होतात. मग मेंदी, झोके, झिम्मा, फुगडी, आणि वारुळाला जाताना गायची गाणी.

आणि ज्या मुलीला माहेरच नाही तिचं काय? या प्रश्नाला पंचमीच्या कहाणीने दिलेलं उत्तर मराठी लोकमनाच्या फार खोल जागेतून आलेलं आहे. एका घरात अनेक सुना. श्रावण लागला, कुणी आजोळी गेली, कुणी माहेरी. सर्वांत धाकटीला कुणीच नव्हतं. ती खिन्न होऊन बसली आणि मनात म्हणाली, आता नागोबाच मला न्यायला येईल. तसा तो आला, ब्राह्मणाचं रूप घेऊन. आपण तिचा मामा आहोत असं त्याने सांगितलं आणि तिला घेऊन निघाला. वाटेत त्याने आपलं खरं रूप दाखवलं, तिला फणीवर बसवलं आणि वारुळात नेलं. तिथे नागीण बाळंत होत असताना हिच्या हातात दिवा होता. वळवळणारी पिल्लं पाहून ती दचकली, दिवा हातून पडला आणि पिल्लांची शेपटं भाजली. पुढे ती सासरी परतली, पिल्लं मोठी झाली आणि सूड घ्यायला तिच्या घरी आली. तो पंचमीचाच दिवस होता. ती पाटावर नागांची चित्रं काढून पूजा करत होती आणि आपल्या त्या भावंडांना सुखी ठेव अशी प्रार्थना करत होती. ते ऐकून त्यांच्या मनातला राग गेला.

या कहाणीत भीती आहे, चूक आहे, सूड घ्यायला निघालेली भावंडं आहेत. माणसांच्या माहेरी जे जे असतं ते सगळं वारुळातही आहे. माहेर म्हणजे सगळं गोडधोड, अशी भाबडी समजूत तिच्यात नाही. रक्ताचं नातं नसलेल्या मुलीला जमिनीखालून एक घराणं मिळतं आणि तिने त्या नात्याचं देणं प्रार्थनेने फेडलं की ते तिचं होतं. सीतेच्या ओव्यांतही हीच दिशा दिसते. वनवासात टाकलेली, गरोदर, एकटी सीता रडते तेव्हा बोरी-बाभळी तिच्या सोबतिणी होतात आणि तिची समजूत काढतात. वड-पिंपळासारखी मानाची झाडं इथे येत नाहीत. येतात ती बांधावरची काटेरी झुडपं, ज्यांच्याकडे एरवी कुणी पाहत नाही. गाणाऱ्या बाईला जिथे आधार मिळाला तिथलीच झाडं तिने सीतेला दिली.

भाद्रपदात तर देवीच माहेरवाशीण होऊन येते. ज्येष्ठागौरींचं आवाहन अनुराधा नक्षत्रावर, पूजन ज्येष्ठावर, विसर्जन मूळ नक्षत्रावर. तीन दिवसांचं माहेरपण. पहिल्या दिवशी पुष्कळ घरांत साधी पालेभाजी-भाकरी असते, दुसऱ्या दिवशी पुरणपोळीचा थाट. आलेली लेक पहिल्या दिवशी घरचं साधं जेवते आणि दुसऱ्या दिवशी तिचे लाड होतात, हा क्रम कुठल्याही घराला ओळखीचा आहे. ती येते कशाच्या रूपात? कुठे मुखवट्यांच्या, कुठे पाणवठ्यावरून आणलेल्या पाच-सात खड्यांच्या, कोकणात तेरड्याच्या रोपांच्या. तेरडा पावसाळ्यात आपोआप उगवतो आणि पाऊस सरला की सुकून जातो. थोड्या दिवसांसाठी माहेरी येणाऱ्या लेकीला याहून नेमकं रूप कुठलं देणार? बंगालातही शरदात उमा कैलासावरून आईबापांकडे येते. तिच्या येण्याची आगमनी गीतं रामप्रसाद सेनांसारख्या अठराव्या शतकातल्या कवीनेही रचली. तिथल्या आईची व्याकुळता मराठी आईला परकी वाटणार नाही. मात्र खडे आणि तेरडा घरात आणून त्यांनाच लेक मानण्याची रीत आपल्या पाणवठ्यांवरची आहे.

विदर्भ-खानदेशात हेच माहेरपण भुलाबाईच्या नावाने महिनाभर चालतं, भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत.

आता वाट. श्रावणात न्यायला यायचं म्हणजे भरलेल्या नद्या ओलांडायच्या. पूल नव्हते तेव्हा उतार शोधायचा, किंवा नाव मिळेपर्यंत काठावर थांबायचं. ओव्यांत नदी म्हणूनच बोलकी आहे. तिला बाई समजून हाक मारली जाते, तिची ओटी भरली जाते, माझ्या भावाला सुखरूप पलीकडे येऊ दे म्हणून तिची विनवणी केली जाते. तिच्याकडे शत्रू म्हणून पाहिलेलं नसतं, कारण याच नदीचं पाणी वरच्या अंगाला माहेरच्या घाटावरून वाहत आलेलं असू शकतं. कावळा आढ्यावर ओरडला की पाहुणा येणार. उचकी लागली की आईने आठवण काढली. वारा त्या दिशेने आला की तिकडची खबर घेऊन आला. पत्र लिहिता न येणाऱ्या आणि पत्र वाचून दाखवायला परक्याकडे जावं लागणाऱ्या बाईपाशी एवढीच डाकव्यवस्था होती, आणि ती कुणाला फोडून वाचता येत नव्हती. काळ बदलला तशी ओव्यांत आगगाडीही आली, मोटारही आली. 1 जून 1948 रोजी राज्य परिवहनाची पहिली बस पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढच्या काही दशकांत एसटीने माहेरच्या वाटा बदलून टाकल्या. ज्यांना ओवी म्हणजे गोठलेली परंपरा वाटते त्यांनी या मोटारींच्या ओव्या जरूर पाहाव्यात. भाऊ बैलगाडीतून उतरला काय आणि एसटीतून उतरला काय, ओवीने त्याला तितक्याच तत्परतेने दारात घेतलं.

एवढं सगळं जमून बाई माहेरी पोचली तरी गाणं संपत नाही, आणि इथे ते सर्वांत धीट होतं. आई आहे तोवर माहेर आहे, हे ओव्या पुन्हापुन्हा सांगतात. आईला तुळशीची, बापाला सावलीची उपमा दिली जाते ती त्यांच्या हयातीत जितकी, त्याहून अधिक त्यांच्या माघारी. झाड तुटलं की अंगण तेच राहतं, ऊन मात्र बदलतं. मग भावजयीची नजर, तिचं ताट वाढणं, भावाचं गप्प राहणं हे टिपलं जातं. भोंडल्याच्या आणखी एका साखळीगाण्यात मातीपासून ओटा, ओट्यावर जातं, जात्यावर सपीट, सपिटाच्या करंज्या, करंज्यांनी भरलेलं तबक, तबकावर शेला, आणि मग पालखी, अशी एकेक पायरी चढत पालखी माहेरी धाडली जाते. नीट ऐकलं तर कळतं की आधी माहेरी पोचतात त्या करंज्या. करणारी अजून सासरच्या ओट्यावरच असते. गाण्याच्या शेवटी सासर-माहेराची तुलना येते आणि त्यात सासरच्या कोंडण्याचा, मारहाणीचा उघड उल्लेख असतो. आठ-दहा वर्षांच्या मुली हे खिरापतीच्या आशेने खेळता खेळता म्हणत आल्या आहेत.

बहीण भावाकडे मागते काय? चोळी, लुगडं, चार दिवसांचा विसावा. जमीन मागत नाही. ओवीतल्या या मागण्यांचं कौतुक करताना त्यांच्यामागचा सौदाही पाहायला हवा. वडिलांच्या शेतावर तिने हक्क सांगायचा नाही, बदल्यात वर्षातून काही दिवस भावाच्या दारात तिला मानाने येता येईल. 1994 साली महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती करून, त्या दुरुस्तीआधी लग्न न झालेल्या मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाबरोबरीचा हक्क दिला. 2005 च्या केंद्रीय दुरुस्तीने लग्न झालेल्यांनाही तो मिळाला. तरीही तलाठी कार्यालयांत आणि दुय्यम निबंधकांकडे हक्कसोडपत्रांवर बहिणींच्या सह्या होतच असतात. सही करणाऱ्या बाईला विचारलं तर उत्तर एकच: माहेर तुटायला नको. ओव्यांतल्या भाऊरायाच्या लाडाला ही किंमत कायम जोडलेली होती, आणि ओव्या रचणाऱ्या बायकांना ती ठाऊक नव्हती असं मानायचं कारण नाही. भाऊ शेताच्या बांधावर उभा दिसतो, बहीण वाटेवरून तो बांध पाहत जाते, अशी चित्रं त्या उगाच रंगवत नव्हत्या.

घरी परतण्याची गाणी बायकांपुरतीच आहेत असंही नाही, जरी या प्रस्तावनेचा ओढा तिकडे आहे. धनगर दसरा-दिवाळीनंतर मेंढरं घेऊन कोकणाकडे उतरतात आणि पावसाआधी घाटावरच्या आपल्या वाड्यांवर परततात. त्यांच्या धनगरी ओव्यांतलं भ्रमण याच चक्राशी बांधलेलं आहे, आणि जर्मन अभ्यासक गुंथर सोन्थायमर यांनी ते आयुष्यभर ध्यासाने अभ्यासलं. वारकऱ्याने पंढरीलाच माहेर मानलं आणि आषाढातली पायवाट ही त्याची परतीची वाट ठरवली. मुंबईच्या गिरण्यांत गेलेला कोकणी चाकरमानी गणपतीला गावी येतो आणि जाखडीच्या फेरात उभा राहतो. 1998 च्या 26 जानेवारीला पूर्ण सुरू झालेल्या कोकण रेल्वेने त्याची वाट सोपी केली, ओढ होती तशीच राहिली. 1834 नंतरच्या काळात मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांनी हाच नाच ‘झाकरी’ म्हणून सोबत नेला आणि तिथल्या गणेशोत्सवात तो अजून नाचला जातो. त्यांच्यातल्या बहुतेकांना परत येणं जमलं नाही.

परतायचं ते गावच नाहीसं झालं तर? मुळशीत टाटांच्या धरणाविरुद्ध 1921 साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला. धरण झालं आणि गावं पाण्याखाली गेली. पुढे कोयनेचा शिवसागर, पैठणचा नाथसागर, भीमेवरचं उजनी. प्रत्येक जलाशयाच्या तळाशी कुणाकुणाची माहेरं आहेत. उजनीचं पाणी खूप उतरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं आणि लोक ते पाहायला नावेतून जातात. ज्या भागात हजारो ओव्या गोळा झाल्या त्याच मुळशी-मावळच्या डोंगरात धरणंही बांधली गेली, हे ओव्या वाचताना विसरू नये. तिथल्या गाण्यातली नदी आणि आज तिथे दिसणारं पाणी एकच राहिलेलं नाही. ज्या उतारावरून मुराळी यायचा तो उतार बुडालेला असतो आणि ओवीत मात्र तो अजून पायाखालचा आहे.

पीठगिरणी आली तेव्हा बायकांची पहाटेची पाठमोड थांबली, आणि ते फार बरं झालं. जात्यासाठी गळे काढणाऱ्यांनी एक पायली जोंधळे दळून पाहावेत. पण गाण्याचा आडोसाही त्याच दिवशी गेला, हेही तितकंच खरं आहे. आज ‘पारी’वरच्या चित्रफितींत बायका पुन्हा जात्याभोवती बसून गाताना दिसतात. हात फिरू लागला की शब्द येतात, खुंटा थांबला की त्या एकमेकींकडे पाहून पुढची ओळ शोधतात. छापील संग्रहात यातलं काही उतरत नाही. तिथे उरतात दोन ओळी आणि कधीकधी गावाचं नाव.

म्हणून ही गाणी वाचताना प्रत्येक ओवीतला महिना आधी शोधावा. शेतात तेव्हा काय चाललं असेल, नदीला पाणी किती असेल, बैल मोकळे असतील की औताला जुंपलेले, हे समोर आणावं. मग ‘कधी येशील’ या साध्या प्रश्नाला केवढी निकड होती ते कळतं. आणि ज्यांच्या घरी अजून एखादी आजी, आत्या, मावशी या ओव्या म्हणू शकते, त्यांनी त्या लिहून घेताना शब्दांवर थांबू नये. ही ओवी कोणत्या महिन्यात, कोणत्या कामाला बसून म्हणत असत, आणि म्हणणारीचं माहेर त्या घरापासून कोणत्या दिशेला होतं, हेही त्याच कागदावर टिपून ठेवावं.